गार हाय, पण कवापासून?

मागच्या महिन्यात आमचे दूध केंद्राचे जुने साहेब गेले आणि चौकात फ्लेक्स लागला. मोठा फोटो, खाली 'सहकाराचा निष्ठावंत सेवक हरपला', आणि त्याच्या खाली शोकाकुल लोकांची नावं. पहिलंच नाव दूध संघाच्या चेअरमनचं. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं ह्या माणसाला कामावरून हाकललं, तो शोकाकुल! अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!

शोकसभेलाही गेले मी. एकजण म्हणाला, ते कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. दुसरा म्हणाला, सगळ्यांना प्रेमानं समजावून सांगायचे. प्रेमानं! त्या माणसानं उभ्या जन्मात एक वाक्य प्रेमानं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मी हात वर केला, दोन शब्द बोलायचेत म्हणून. तर सूत्रसंचालक म्हणतो, "बाई, वेळ झाला, आता श्रद्धांजलीला उभं राहायचंय." राहिले उभी. दोन मिनिटं दात-ओठ खात उभी राहिले. तिथं बोलू दिलं नाही, म्हणून इथं बोलते. कौतुक करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला होता.

धारूरचा घाट उतरला की डाव्या हाताला आमच्या संघाचं शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध सकाळी टेम्पोनं कॅनमधून यायचं, तपासलं जायचं, मोठ्या टाकीत गार व्हायचं आणि पुढं टँकरनं जायचं. ते तिथले केंद्रप्रमुख. मी नवी टेस्टर, नुकतीच बी.एस्सी. झालेली. पहिल्या दिवशी पहिला कॅन उघडला, बाहेरून हात लावला आणि म्हटलं, "साहेब, गार आहे."

"किती गार?"

"चांगलं गार आहे."

"चांगलं म्हंजे किती? आन् कवापासून गार?"

मी पुन्हा कॅनला हात लावला. त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची नळी काढली, नळीतून थर्मामीटर काढला, कॅनमध्ये धरला आणि माझ्या डोळ्यांपुढं नाचवला. सव्वीस. "हे गार? तुझी बोटं शाळेत गेली न्हाईत का?" सगळे टेम्पोवाले फिदीफिदी हसले. मला असा राग आला म्हणता! संध्याकाळी घरी जाऊन मायला म्हटलं, उद्यापासून मी जाणार नाही. माय म्हणाली, जा मुकाट्यानं, घरात दुसरं कुणी पगार आणतंय का?

बोटांचा त्यांना एवढा राग का, ते पुढं कळलं. आधी ते जालन्याकडं एका बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते. तिथं अमोनियाचा पाइप फुटला आणि डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली, ती कायमचीच. त्या बोटांना गरम-गार काही कळायचं नाही. एकदा उकळत्या चहाच्या पातेल्याला ती बोटं लावून उभे होते आणि आम्हीच ओरडलो. ते शांतपणे हात काढून म्हणाले, "बगा, हे बोट म्हणतंय चहा थंड हाय. पेता का?"

लोक तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागं चारडिग्री. कारण जिथं जातील तिथं हेच. दूध चारवर पाहिजे, चारच्या वर जंतू उठतात, चारला निजतात. "मरत न्हाईत बे, निजतात! थंडीनं कुणी मरत न्हाई, आन् निजलेला माणूस उठत न्हाई का?" हे वाक्य मी लाखदा ऐकलं असेल. लग्नात पंगतीला बसले की सगळ्यांच्या देखत श्रीखंडात थर्मामीटर. आचारी बिचारा घाम पुसत उभा. "कवा केलंय?" "काल सांजच्याला, साहेब." "ठेवलंतं कुठं?" "हितंच, मांडवात, ओल्या फडक्याखाली." झालं! ताटावरून उठायचे. नुसते उठायचे नाहीत, शेजारच्याच्या ताटातलीही वाटी उचलून बाजूला ठेवायचे. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडायचा, बायका बोटं मोडायच्या. पुढं पुढं लोकांनी त्यांना पत्रिका देणंच बंद केलं. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. उलट म्हणायचे, बरं झालं, पोट वाचलं.

लोकांच्या घरी गेले की पाणी मागायच्या आधी फ्रिज उघडायचे. एकदा चेअरमनच्या घरी मीटिंग होती. बीडवरून पाहुणे आलेले. ह्यांनी सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. आत दाबून भरलेलं. कालची भाजी, परवाची बासुंदी, उघडं मटण, वर पेढ्यांचे खोके. वाऱ्याला जागा नाही. तिथूनच ओरडले, "चेअरमन, ह्याला फ्रिज म्हणता का कपाट? ह्याच्यात गार हवा फिरायची कुठून? बासुंदी चौदा डिग्रीला हाय! पाव्हण्यांना देऊ नगा!" पाहुण्यांच्या हातात बासुंदीच्याच वाट्या होत्या. चेअरमन हसले. पण ते कसं हसले, ते मी पाहिलं होतं. त्या दिवशीच मनात टिपून ठेवलं असणार त्यांनी.

आणि गंमत म्हणजे ह्यांच्या स्वतःच्या खोलीवर फ्रिज नव्हता. मी विचारलं, कावून नाही घेतला? म्हणाले, "आठ-आठ तास लाइट जाती. बंद-चालू फ्रिज म्हंजे निस्ता भरवसा. त्याच्यापरीस नसलेला बरा, माणूस सावध ऱ्हातो." दोन वेळा स्वतः रांधायचे, तेवढंच खायचे, उरलं तर तासाभरात कुत्र्याला. लोक म्हणायचे, त्यांची बायको शिळं खाऊन दगावली, म्हणून हे असे झाले. साफ खोटं! बायको जालन्यात ठणठणीत होती. सकाळचं वरण संध्याकाळी दिसलं की हा माणूस पातेलं उकिरड्यावर पालथं घालायचा, म्हणून ती वैतागून माहेरी गेली होती. मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही.

आमच्या घरीही एकदा असाच तमाशा. माझी रजा झाली होती, तर ते चौकशीला वाडीवर आले. मायनं आदरानं बसवलं. भाकरी, ठेचा, आणि रात्रीचा भात फोडणीला टाकलेला. भाकरी सकाळची होती, ती खाल्ली. ठेचा मागून घेतला. भाताचं ताट मात्र उचललं, दारात गेले आणि कोंबड्यांपुढं ओतलं. माय बघतच राहिली. "बाई, भाकर शिळी चालती, तिच्यात पाणी न्हाई. भात रातभर उघडा ठेवून सकाळी तळला म्हंजे त्याच्यातलं इख जातं असं तुमाला कुणी सांगितलं?" आता दुष्काळात, रेशनच्या तांदळाचा भात! माय त्यांच्या तोंडावर काही बोलली नाही. पण ते गेल्यावर तिनं त्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि मीही तिला साथ दिली.

दुष्काळ म्हणजे त्या सालचा दुष्काळ. पालीच्या धरणाचा तळ भेगाळलेला, कपिलधारचा धबधबा आटल्यामुळं यात्रेकरू वाळक्या खडकाला हात जोडून परत फिरत होते. जनावरं चारा छावणीत. आमचा थोरला भाऊ, भावजय आणि त्यांची सहा वर्षांची सोनी, तिघंही दोन म्हशी घेऊन छावणीतच राहायला गेले होते. वाडीवर उरल्या चार-दोन गाभण म्हशी, शेळ्या आणि माय.

आमच्या वाडीची एक जुनी पद्धत होती. संध्याकाळचं दूध रात्रभर कुठं ठेवायचं? तर कॅनला दोर बांधायचा आणि विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात सोडायचा. आजोबांच्या काळापासून चाललेलं. सकाळी दूध ताजं निघायचं. त्या वर्षी विहीर आटली. पार तळ लागला. पण पद्धत काही सुटली नाही. संध्याकाळ झाली की वाडीतल्या सगळ्या बाया कॅन घेऊन विहिरीवर हजर, दोर सोडायचा आणि कोरड्या विहिरीत कॅन लटकत ठेवायचे. विहीर म्हणजे गार, हे डोक्यात इतकं बसलेलं, की गार विहीर नसते, पाणी असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही आलं. बी.एस्सी. झालेल्या माझ्या!

आमच्या वाडीचं दूध रोज थोडं आंबट लागायला लागलं. एक दिवस ते संध्याकाळी टेम्पोत बसून वाडीवर आले. लटकलेले कॅन बघितले आणि कमरेला दोर बांधून विहिरीत उतरले. पन्नाशीचा माणूस! वर सगळी वाडी गोळा. आतून आवाज आला, "एकोणतीस!"

माय वाकून म्हणाली, "साहेब, पण आत गार लागतंय की न्हाई? खरं सांगा."

"लागतंय की! वर बेचाळीस हाय, म्हणून एकोणतीस गार लागतंय. तुमाला गार लागलं म्हणून दुधाला लागत न्हाई, बाई! विहिरीत पाणी होतं तवा पाणी दुधाची गरमी वढून घ्यायचं. आता काय वढतंय? वारा? ह्यो निस्ता खड्डा हाय!"

वर येऊन धूळ झटकली आणि जाहीर केलं, उद्यापासून ह्या वाडीचं रात्र काढलेलं दूध बंद. बाया खवळल्या. मायनं तर पदर खोचला. "आमच्या पोटावर पाय देता व्हय?" ते म्हणाले, "देतो." बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी जाऊन चेअरमनच्या दारात बसले, दिवसभर बसले, आणि संध्याकाळची टेम्पोची फेरी मंजूर करून घेतली. ड्रायव्हर यायला कुरकुर करायचा म्हणून रोज स्वतः त्याच्या शेजारी बसून यायचे. काढलं दूध की लगेच केंद्रावर. वाडीचं दूध सुधारलं. त्यांचे आभार कुणी मानले? कुणी नाही. मीही नाही. मला तर आणखीच राग आला होता, की माझ्या मायला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

चैत्र संपत आला होता. सकाळी साडेसातला कॅन टाकीत ओततोय तोच लाइट गेली. जनरेटर लावायला गेले तर जनरेटरच जागेवर नाही! चेअरमननं तो आदल्या दिवशी छावणीवर नेला होता, मांडवातल्या माइकला. दुसऱ्या दिवशी तिथं कार्यक्रम होता. मोठे पुढारी येणार, आणि संघाच्या वतीनं छावणीतल्या पोरांना दूधवाटप. तो माइकसाठी गेलेला जनरेटर मागायला माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. टाकीत सगळं दूध धारोष्ण आलेलं, तसंच पडून. मी दर तासाला नोंद करत होते. आठला एकतीस, नऊला एकतीस, दहाला एकतीस. ते टाकीभोवती चकरा मारत होते आणि येईल त्याच्या अंगावर धावून जात होते.

दुपारी अडीचला लाइट आली. कॉम्प्रेसर सुरू झाला. संध्याकाळी सहाला काटा चारवर. मला हुश्श झालं. वाटलं, सुटलो.

चेअरमन चार माणसं घेऊन आले. काट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बगा साहेब, चार! तुमचंच चार. आता तर खूश?"

"आत्ताचं चार काय बगता? सकाळपासून दुपारपोतर कुठं होतं ते विचारा. सात तास एकतीसला पडलंय ते. जंतूंनी खाऊन-पिऊन संसार मांडलाय त्याच्यात. आता गार केलं म्हंजे ते निजले. आन् जे इख त्यांनी टाकायचं ते टाकून झालंय."

"उकळून देऊ की मग पोरांना!"

"उकळून जंतू मरतील. त्यांनी टाकलेलं इख उकळून जात न्हाई. लेकरं वकून मरतील, चेअरमन."

चेअरमन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बगा, दुष्काळ हाय. एवढं दूध फेकलं तर लोक जोड्यानं मारतील. उद्याचा कार्यक्रम ठरलेला हाय. तुमी लई शिकवलंत आमाला, आता घरी जा, आराम करा."

आम्हाला त्यांनी खरंच शिकवलं होतं, आणि काय शिकलो होतो आम्ही? चार हा आकडा. नुसता आकडा! पोपटाला शिकवावं तसं. तो आकडा कशासाठी, किती वेळ, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांचंच चार त्यांच्या तोंडावर मारलं त्या दिवशी.

ते घरी गेले नाहीत. टाकीखाली वाकले आणि खालचा कॉक पूर्ण उघडला. पांढरा लोट अंगणात. रिकामे कॅन न्यायला वाडीच्या बाया आल्या होत्या, त्यांत माझी माय. एकच आकांत झाला. बाया ओंजळीनं दूध उचलायला धावल्या, आणि हा माणूस पुढं होऊन त्यांच्या ओंजळी झटकत होता. माय रडत ओरडली, "दुष्काळात दूध मातीत घालतो, तुझं वाटुळं हुईल!" चेअरमन फक्त माझ्याकडं बघून म्हणाले, "रजिस्टर घेऊन ऑफिसात ये."

ऑफिसात त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "पोरी, आजचं पान जरा नीट लिहून काढ. आठला चार, नऊला चार, सहापर्यंत चार. वेडसर माणूस हाय त्यो, चांगलं दूध ओतून दिलं. तुझं कायम करायचं आमच्या मनात हाय." लोकांना पुढं मी सांगत आले की मी घाबरून लिहिलं. खोटं आहे ते. नोकरीचा लोभ होता, नाही म्हणत नाही. पण लिहिलं ते रागानं. बोटं शाळेत गेली नाहीत म्हणाला होता, मायचा भात कोंबड्यांना घातला होता, आत्ता तिच्या ओंजळीतलं दूध झटकलं होतं. म्हटलं, भोग आता! जुनं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात दहा-अकरा वेळा चार लिहिलं. आठवड्यात त्यांना काढलं. कारण दिलं, संघाच्या चांगल्या मालाची नासधूस.

पुढचं सगळं सांगण्याआधी शेवट काय झाला ते सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. चेअरमनच्या केसालाही धक्का लागला नाही. ते पुढंही निवडून आले. माझी नोकरी गेली. ह्यांना परत कुणी बोलावलं नाही. धारूरच्या बाजारात टपरीत बसून फ्रिज दुरुस्त करत राहिले आणि गिऱ्हाइकांना शिव्या घालत राहिले. माझ्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. आणि त्याच संघानं आता फ्लेक्स लावला, निष्ठावंत सेवक! असो.

त्यांना काढल्यावर केंद्रप्रमुख म्हणून चेअरमनचे मेहुणे आले. थर्मामीटर कुठल्या बाजूनं धरायचा ते माहीत नाही. म्हणाले, बाई, तुम्हीच बघा. मी बघत होते. म्हणजे काय, तर सकाळी आल्याबरोबर दिवसभराचे चार लिहून मोकळी होत होते. एकदा खोटं लिहायला हात वळला की तो आपोआप चालतो.

महिना झाला असेल. पुन्हा तसंच. सकाळी लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नाही, दूध तसंच पडून. अकरा वाजता मी सवयीनं थर्मामीटर बुडवला. बघितलं, पुसला, ठेवून दिला. रजिस्टरात चार होतंच. दुपारनंतर गार झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध छावणीतल्या पोरांना गेलं, कारण पहिलं वाटप हुकल्यामुळं चेअरमनला ते करून दाखवायचंच होतं. पोरांनी दहाला दूध प्यायलं. बाराला वांत्या सुरू झाल्या.

मी सरकारी दवाखान्यात पोचले तर व्हरांड्यात पोरंच पोरं. एकेका खाटेवर तीन-तीन. सोनी भिंतीला टेकवलेली, हाताला सलाइन, ओठ सुकून पांढरे. उलटीत आता काही पडतही नव्हतं, नुसतं अंग पिळवटत होतं. माय तिचं डोकं धरून बसलेली. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. जीव वाचले सगळ्यांचे, पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दुपारी कुणालाच माहीत नव्हतं कोण राहणार आणि कोण जाणार.

दाराशी गयाबाई बसली होती. छावणीत स्वयंपाक करणारी, एकटी बाई. शेजारी पोलीस. तिनं घाण भांड्यात दूध तापवलं म्हणून तिला धरलं होतं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आईची आण, तीनदा उकळलं हो! भांडं राखेनं घासलंतं!" कुणी ऐकत नव्हतं. पोरांच्या आया तिच्यावर थुंकत होत्या. तहसीलचे साहेब टेबलाशी बसून जबाब लिहीत होते, बाजूला चेअरमन, आणि पुढ्यात आमचं रजिस्टर.

तेवढ्यात बाहेर आमच्या जुन्या साहेबांची लुना वाजली. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःच आले. आल्या आल्या पोरांजवळ बसून एकेकाला विचारलं, "कवा पेलास? वकायला कवा लागलास?" मग उठून सरळ टेबलापाशी. "साहेब, ह्या बाईला सोडा. दोन तासात वकलीत लेकरं. इख दुधात आधीच होतं. तिनं तीनदा न्हाई, तीस वेळा उकळलं असतं तरी गेलं नसतं. दूध केंद्रावर गरम राह्यलंय."

चेअरमन म्हणाले, "ह्यांना आमी काढलंय, म्हणून आकस हाय. रजिस्टर बगा. दिवसभर चार."

तहसीलच्या साहेबांनी पान उलटून बघितलं. चार, चार, चार. त्यांनी मान हलवली.

आमच्या जुन्या साहेबांनी ते रजिस्टर टेबलावरून उचललं, माझ्यापाशी आले आणि माझ्या हातात दिलं. "तुझं अक्षर हाय. वाच."

मी सोनीकडं बघितलं नाही. वाचलं. "आठला चार."

"लाइट कवा गेलती?"

"साडेसातला."

"म्होरं वाच."

"नऊला चार."

"म्होरं."

"दहाला... चार."

"अकराला?"

पानावर चार लिहिलं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. सोनीला पुन्हा उमाळा आला आणि माय म्हणाली, "बाळा, दम धर गं, दम धर."

"अकराला किती?" ते ओरडले.

"एकतीस," मी म्हटलं.

चेअरमन उठून उभे राहिले. "पोरी, शुद्धीवर हायेस का?"

"एकतीस होतं. मी खोटं लिहिलं. मागच्या महिन्यातलंही, टाकी ओतली त्या दिवसाचंही पान मीच बदललं."

मला वाटलं होतं, आता ते काहीतरी म्हणतील. शाबास नाही, पण काहीतरी. ते माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "मग तवा काय झालतं तुझ्या तोंडाला?"

गयाबाई उठली. पोलिसानं अडवलं नाही. ती माझ्यापुढं आली आणि सगळ्या व्हरांड्यात आवाज घुमेल अशी एक कानाखाली वाजवली. मी मायकडं बघितलं. माझी माय, जी माझ्यासाठी कुणाच्याही अंगावर धावून जायची, ती तिथंच बसून राहिली. सोनीचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडं टक लावून बघत राहिली, आणि मग तिनंच मान फिरवली.

त्यांनी तहसीलच्या साहेबांच्या हातातून पेन काढून घेतला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाले, "लिही आता. अकराला एकतीस."

मी खाली बसून लिहिलं.